काठीचं वाक्य

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच तुम्हाला लिहितोय. २००६ साल चालू आहे. मी अर्विंगला राहतो आणि दर शनिवारी तीन तास ड्राइव्ह करून ओक्लाहोमात जातो. तिथल्या एका आदिवासी जमातीची भाषा बोलणाऱ्या एकच आजी उरल्यात. त्या भाषेचा ऑनलाइन शब्दकोश मी करतोय. आजी शब्द सांगतात, मग त्याचं एक वाक्य, मी रेकॉर्ड करतो. "पाणी. तिचं डोकं बादलीतल्या पाण्यात दाबून धरलं." "दार. बोटं चौकटीत ठेवायला लावली आणि दार आपटलं." "दात. तिनं दोन दात थुंकले." परवा त्यांची भाची वैतागली. "आंटी, प्लीज! ही साइट लहान मुलं बघणार आहेत. एक तरी नॉर्मल वाक्य दे." मला म्हणाली, "तू हे सगळं डिलीट कर." आजी तिच्यावर उखडल्या. "नॉर्मल कुठून आणू? लहानपणी सरकारनं डांबलं त्या बोर्डिंग शाळेत आपली भाषा बोललं की मार. आम्ही मुली पांघरुणाखाली एकमेकींना दिवसभरचा मार सांगायचो. माझ्याजवळ भाषा उरली ती तेवढीच." मग माझ्याकडे वळल्या. "आता काठी. तू सांग बघू काठीचं एखादं गोड वाक्य. मी माझ्या भाषेत म्हणते."

काठी म्हटलं की मला आपली मेळघाटातली शाळा दिसते. मी तिसरीत आहे, मॉनिटर. वर्गात तुम्हाला गुरुजी म्हणायचं आणि पोरांपैकी कोण घरच्या कोरकूत बोललं ते तुम्हाला सांगायचं. तुम्ही वर्गातल्या एका कोरकू मुलीचा हात टेबलावर दाबून धरलाय, निरगुडीची ओली काठी बोटांवर पडतेय. "मराठीत बोल!" ती किंचाळते तेही कोरकूतच. एक नख उचकटून माझ्या पाटीवर येऊन पडतं. संध्याकाळी तुम्ही आईला म्हणालात, "त्यांच्या भल्यासाठीच मारतो," आणि भाकरी मोडलीत.

"वडील काय करायचे तुझे?" आजींनी विचारलं. मी म्हणालो, "शिक्षक होते." "असं," म्हणत त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. मग काठीचं वाक्य त्यांनीच सांगितलं: "काठी मोडली, तेव्हा त्यांनी दुसरी मागवली." मी एकही वाक्य डिलीट केलं नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि तुम्ही असता तर मी ते लिहिलंच नसतं. त्या दिवशी वर्गात ती मुलगी मला कोरकूत शिवी देते, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. तिनं पाणी मागितलं होतं. तेवढं कोरकू मला येत होतं.