अण्णांच्या संगणकातला रक्तदाता

१२ नोव्हेंबर, बुधवार

अण्णांचा संगणक मेला. ते चालवतात त्या रक्तदाता मंडळाच्या सगळ्या नोंदी त्यात! डिस्क तेवढी वाचली. बॅकअप कुठंय विचारलं, तर म्हणाले, "त्याच मशीनवर ठेवलाय, दुसऱ्या फोल्डरमध्ये." धन्य! ठाकुर्लीहून डिस्क पिशवीत घालून घरी आणली.

आणि वेळ तरी कसली! ठाण्यात रोवेना म्हणून एक मुलगी आहे, नववा महिना, वीस तारखेला सिझेरियन. आजवर सगळे तिला 'ओ' ग्रुपची समजत होते, आता कळलं बॉम्बे ग्रुप, फार दुर्मिळ. दुसरं कुठलंच रक्त चालणार नाही. तिचा नवरा फ्रँकलिन फोन करकरून थकलाय. अण्णा त्याला म्हणाले, "आपल्या एका शिबिरात सापडलं होतं कुणीतरी. आम्ही कळवलं, पण पत्र परत आलं. नाव आठवत नाही, नोंद मात्र नक्की आहे."

१३ नोव्हेंबर

डेटाबेस प्रोग्रामची नवी आवृत्ती या फायली उघडतच नाही. तीच जुनी आवृत्ती हवी, आणि ती माझ्या लॅपटॉपसाठी तयार मिळत नाही. म्हणजे सोर्स कोड आणून स्वतः कंपाइल करणं, त्यातून चालता प्रोग्राम बांधणं आलं.

पहिल्याच पायरीला नन्नाचा पाढा. बायसन नावाचं एक टूल लागतं. माझ्याकडचं या जुन्या कोडसाठी फारच नवं. जुनं शोधून लॅपटॉपवर टाकलं — तरी तोच एरर!

१५ नोव्हेंबर, शनिवार

बायसन तिसऱ्यांदा टाकलं. एरर तोच. लॅपटॉपवर ओरडले. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं ऋजुता, त्याला काय कळतंय!"

फ्रँकलिनचा फोन. "ताई, ती सारखी विचारते, माणूस भेटला का. मी बोललो, भेटेल. बरोबर बोललो ना?"

हो म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले मी?

१६ नोव्हेंबर

सापडलं! बांधणीची तयारी करणारं सीमेक नावाचं आणखी एक टूल आहे — पहिल्या दिवशी दिसलेल्या बायसनचा पत्ता त्याने एका फाइलीत लिहून ठेवलाय. दरवेळी मुकाट तिथेच जातं. नवं काही शोधतच नाही! मूर्ख. आणि तीन दिवस ते न कळणारी मी महामूर्ख.

बिल्डचं सगळं फोल्डर उडवलं, पहिल्यापासून सुरू केलं. धाडधाड पुढे गेलं. मग लवकर व्हावं म्हणून प्रोसेसरचे सगळे कोअर एकदम कामाला लावले, मेमरी संपली, लॅपटॉप हँग. अति घाई संकटात नेई.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रजा टाकली. आता एकेक फाइल कंपाइल होतेय, गोगलगायीसारखी. जेवण गेलं नाही. भीती वाटते. हे झालं, आणि त्या माणसाने नंबरच बदललेला असला तर? देश सोडला असला तर? बाळंतपणात रक्त कमी पडलं तर काय होतं, ते वाचायला नको होतं मी.

१८ नोव्हेंबर

उघडला डेटाबेस! बॉम्बे ग्रुप टाकून शोधलं. अण्णांचं खरं होतं. नोंद आहे. एकच.

रोवेना. माहेरचं आडनाव, माहेरचा पत्ता, व्यवसाय विद्यार्थिनी. जन्मतारीख फ्रँकलिनने पाठवलेल्या हॉस्पिटलच्या कागदाशी दोनदा ताडून पाहिली. तीच आहे.

फ्रँकलिनचा मेसेज आलाय — "ताई, नाव मिळालं का?"