घासलेला कोपरा

सोमवार, ३ फेब्रुवारी
आज हातच थांबला.

गाळ्यावर नवं काम आलंय. विमानवाहू जहाजाच्या हँगरचा दरवाजा घट्ट दाबून धरणाऱ्या ब्राँझच्या खिट्ट्या, बारा नग. नमुना म्हणून जहाजावरची एक जुनी, झिजलेली पाठवलीय. नेहमीसारखी मापं घ्यायला बसले, तर एक कोपरा तिरका घासलेला. ड्रॉईंगमध्ये सरळ चौकोनी! कानशीचे ओरखडे उलट्या बाजूचे, डाव्या हाताचे. आणि त्यांच्यावर शेवटी दोन आडवे हात.

मर्विन! माझा डावरा नवरा! घरची कडी असो की गोदीतला पंप, घासून झालं की दोन आडवे हात मारायचाच. "मापाचं काम संपलं, हे माझं," म्हणायचा. जायच्या आधीची चार वर्षं याच जहाजाच्या दुरुस्तीवर होता. त्याला जाऊन सहा वर्षं होतील आता.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
तपासणारी मी, सही करणारीही मीच. रिपोर्टात लिहावं लागलं – कोपरा ड्रॉईंगप्रमाणे नाही. नवऱ्याच्या कामात खोट काढली! असता तर आठ दिवस बोलला नसता. खाली माझी एक ओळ घुसडली: घासण्यामागे कारण असेल, जहाजावर विचारावे.

कौस्तुभ वैतागला. गाळ्याचा मालक, पण वयाने माझ्या लेकीएवढा, ब्रेंडाएवढा. "काकी, ड्रॉईंग म्हणजे ड्रॉईंग. चौकोनी तर चौकोनी."

"ड्रॉईंग कागदावर आहे रे बाबा, जहाज पाण्यात आहे! इतक्या वर्षांत दरवाजा जागचा जरासुद्धा हलला नसेल?"

तोंड वाकडं केलं, पण मेल पाठवला.

शनिवार, ८ फेब्रुवारी
खिट्टी डब्याच्या पिशवीत घालून घरी आणली. चोरीच ही. असू दे.

रविवार, ९ फेब्रुवारी
चर्चमधल्या मिस्साहून आले ती सरळ त्याच्या फोटोपुढे बसले. खिट्टी हातात. अंगठा त्या कोपऱ्यावर फिरवत राहिले. गास गावातल्या या घरात त्याच्या हातचं आता काय उरलंय? कडी बदलली, खिडक्या ॲल्युमिनियमच्या झाल्या. त्याची कानस गंजली म्हणून मीच भंगारात दिली. कुठून बुद्धी झाली!

ब्रेंडाला फोनवर सांगितलं. "मम्मी, धातूचा तुकडा आहे तो. उद्या परत ने." कळतं गं मला. पण द्यावासा वाटत नाही. फार आठवण येते रे, मर्विन.

सोमवार, १० फेब्रुवारी
परत नेली. कपाटात कुलूपबंद.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
जहाजावरून फोन! मितेश नावाचा फिटर. कोपरा हवाच, म्हणे, नाहीतर खिट्टी दारात बसतच नाही. कौस्तुभने लगेच ठरवलं, बाराही नगांचे कोपरे मशीनवर कापून द्यायचे. मला तर नाचावंसं वाटलं. ड्रॉईंग चुकलं, माझा नवरा नाही!

मग तोऱ्यातच विचारलं, "तो कोपरा कुणी घासला होता, माहीत आहे का?"

"मीच, मॅडम. मागच्या वर्षी, जानेवारीत."

कुठल्या कुणाच्या हातचं काम मी मर्विनच्या फोटोपुढे ठेवलं! घरी येऊन फोटोकडे बघायचीही लाज वाटली. दुसऱ्यांदा गेल्यासारखा वाटला तो.

बुधवार, १९ फेब्रुवारी
कपाट उघडून पुन्हा बघितलं. डावरे पुष्कळ असतील. पण ते दोन आडवे हात?

गुरुवार, २० फेब्रुवारी
मितेशला फोन केला. म्हटलं, तू डावरा का रे?

"नाही, मॅडम. कानस तेवढी डाव्या हाताने. शिकवणारे डावरे होते. त्यांच्या मागे उभा राहून बघायचो, तसाच हात बसला."

"आणि शेवटचे दोन आडवे?"

हसला. "ते मर्विन सरांचे."

कौस्तुभला सांगितलं, मशीन लावू नकोस. बाराही चौकोनीच जाऊ देत. कोपरे तिकडे मितेश घासेल.