डाव्या पंखाचं ग्रीस

३ मार्च, सोमवार

प्लास्टिक! एकतीस वर्षं यंत्रं उघडली नि जोडली, आणि आज सूनबाईने माझ्या तळहातावर प्लास्टिकचा बुश ठेवून सांगितलं — "याला ग्रीस लागत नाही, मिस्त्री." घरी मी बाबा, वर्कशॉपमध्ये मिस्त्री. ती घरी सूनबाई, इथे इंजिनिअर मॅडम. सकाळी एका टेबलावर चहा प्यायचा आणि तासाभराने एकमेकांना नव्याने नमस्कार करायचा!

प्रयोग मोठ्या पेरणी यंत्रावर. त्याचे दोन बाजूंचे दोन लोखंडी पंख, एकेक सव्वा टनाचा. शेतात उघडायचे, रस्त्यावर घडी घालायचे. ज्या पिनांवर ते फिरतात तिथले पितळी बुश, म्हणजे पिनेभोवतीच्या आखूड नळ्या, काढून हे बसवणार. हलके, पिवळट, चपलेच्या टाचेतून कापून काढल्यासारखे. "वंगण आतच मिसळलेलं असतं," म्हणाल्या मॅडम. असेल. माझ्या डोक्यातही अक्कल मिसळलेली आहे, बाहेरून कुणाला दिसत नाही एवढंच.

४ मार्च

मालकांनी सहा आठवडे दिलेत. बुश टिकले तर त्यांच्या चौदाही यंत्रांना हेच, आणि सूनबाईची नोकरी पक्की. झिजले तर तिला नारळ. मालक हे हसत हसत म्हणाले. ते सगळंच हसत हसत म्हणतात.

तिने जुन्या पिना तीनदा धुतल्या. मी बघत होतो. ग्रीस भरायची निपलं काढून तिथे स्क्रू पिळले, वर लाल रंगाचे ठिपके दिले आणि भिंतीवर कागद चिकटवला — या यंत्राच्या पंखांना ग्रीस लावू नये. कागद कुठे? माझी ग्रीस गन जिथे टांगलेली असते, बरोबर त्याच्या वर!

८ मार्च, शनिवार

शनिवार दुपार म्हणजे ग्रीस. यंत्र शेतातून येतं, धुतलं जातं, आणि मी सांध्या-सांध्याला गनचे तीन तीन दाबे देतो. एकतीस वर्षांत लग्नाकार्यालाही चुकवलं नाही. आज मॅडम मध्येच उभ्या. "पंख सोडून, मिस्त्री." सोडले.

वेल्डर म्हणाला, "आता शनिवारी काय करणार? चित्रं काढा." सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

घरी बायकोला म्हटलं, पंधरा दिवसांत भुगा होतो बघ त्या खेळण्याचा. ती म्हणाली, "तुमची जीभ नाही का, ग्रीस न लावता साठ वर्षं चालली आहे!"

१५ मार्च, शनिवार

आज लावलं.

इथे लिहितो, कारण दुसरीकडे बोलायची सोय नाही. मॅडम जेवायला गेल्या. डाव्या पंखाच्या चारही पिनांचे स्क्रू काढले, निपलं बसवली, तीन तीन दाबे. मग स्क्रू परत जागेवर, लाल ठिपकाही परत. मी नाही त्यातली, कडी लाव आतली! उजव्या पंखाला नाही लावलं. ती बाजू भिंतीला लागून उभी असते; एरवी पोरं यंत्र पुढे ओढून देतात, आज चोरून कुणाला सांगणार, आणि तिथे माझं पोट शिरत नाही.

का लावलं? ती तोंडघशी पडावी म्हणून नाही. उलट. हे सुकं चालणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. कसेबसे सहा आठवडे निघू देत, नोकरी पक्की होऊ दे. मग एखाद्या दिवशी जेवताना हळूच सांगेन — ते प्लास्टिक नव्हतं हो मॅडम, या म्हाताऱ्याचं ग्रीस होतं! तेव्हा तिचं तोंड बघायचं आहे. एवढाच स्वार्थ.

२२ मार्च, शनिवार

डावा पंख. चार पिना, तीन तीन दाबे.

२३ मार्च, रविवार

जेवणं झाल्यावर सूनबाई वही घेऊन समोर बसली. "बाबा, पितळी बुश साधारण किती दिवस जायचे? ओल्या शेतात किती, धुळीत किती?" सांगत गेलो. कुठल्या मोसमात काय तुटलं, कुठला सांधा आधी जातो, आवाजावरून कसं ओळखायचं. ती लिहीत होती, मधेच अडवून विचारत होती. चार पानं झाली. एकतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. पोटच्या मुलानेसुद्धा नाही. तो फोनवर फक्त तब्येत विचारतो.

पोरगी हुशार आहे. प्लास्टिकच्या नादी लागली, तेवढंच. पुढच्या शनिवारी चार दाबे देतो.

२९ मार्च, शनिवार

डावा. चार चार दाबे. शेतं भलती कोरडी, यंत्र येतं ते पिठात लोळून आल्यासारखं. मॅडमनी विचारलं, "पंख उघडताना डावीकडून कुरकुर येते का हो?" मी म्हटलं, येणारच, प्लास्टिकला तोंड फुटलंय.

५ एप्रिल, शनिवार

कुरकुर आहे खरी. ग्रीस कमी पडत असणार. डावा, पाच पाच दाबे!

१० एप्रिल, गुरुवार

डावा पंख भर शेतात तिरका होऊन अडकला. ओढून आणला. पिना ठोकून काढाव्या लागल्या. चारही बुश खाल्लेले, पिनांवर नखाला लागतील असे चरे.

मालकांनी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पहिल्या दिवसापासून मिस्त्री सांगत होते!" वेल्डरने न मागता चहा आणून दिला. खोटं कशाला लिहू, गोड लागला.

सूनबाई जमिनीवर उकिडवी बसून बुश बघत होती. मालक सोमवारी निकाल देणार.

११ एप्रिल

आज उजव्या बाजूचे बुश काढले. नव्यासारखे! मी स्वतः माप घेतलं, दोनदा. झीज सांगायलाही नाही. आणि डाव्या बुशांच्या आत काळा राडा — ग्रीस आणि धूळ. बोटांत चोळून पाहिला. काचकागदाने घासल्यासारखा लागला. सुक्या बुशातली धूळ गळून जाते, माझ्या ग्रीसने ती धरून ठेवली, सव्वा टनाखाली दळली. प्लास्टिक नाही हरलं. मी मारलं त्याला. आणि वर डोस वाढवत गेलो!

सूनबाईने सगळ्यांना विचारलं, "कुणी ग्रीस लावलं का?" सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा? माझा. "आमच्यात असली कामं कुणी करत नाही, मॅडम!" चोराच्या उलट्या बोंबा.

मालक हसत म्हणाले, "अहो, तुम्हीच पिना नीट धुतल्या नसतील. जुनं ग्रीस आत राहिलं असेल."

१२ एप्रिल, शनिवार

खाई त्याला खवखवे. जेवणाचं ताट पुढ्यात तसंच.

सूनबाई स्वयंपाकघरात आली. "बाबा, मी पिना तीनदा धुतल्या होत्या. तुम्ही तिथेच होता ना?" होतो, म्हटलं. "मग सोमवारी मालकांना तेवढं सांगाल?" आणि मी काय म्हणालो? "बघू." बघू! तिने मान हलवली आणि माझं ताट उचलून नेलं. ती गेल्यावर बायको म्हणाली, "तुमचं काहीतरी बिनसलंय." गप्प बसलो. जन्मात पहिल्यांदा.

१३ एप्रिल, रविवार

मालकांच्या घरी गेलो. उभ्या उभ्या सांगून टाकलं — ग्रीस मी लावलं, चार शनिवार, डावा पंख, पोट शिरलं नाही म्हणून उजवा वाचला.

मालक हसले. खूप हसले. "मिस्त्री, सुनेसाठी एवढं खोटं! मन मोठं आहे तुमचं. पण एकतीस वर्षांचा कारागीर, कागद डोळ्यांसमोर असताना ग्रीस लावेल? लहान पोरालाही पटायचं नाही." मी शपथ घेतली. त्यांनी मला चहा पाजला आणि फाटकापर्यंत सोडायला आले.

म्हणजे जन्मभर जे नाव कमावलं, ते नेमकं आज आडवं आलं! आपलेच दात, आपलेच ओठ. रडू येत होतं, आणि हसूही.

१४ एप्रिल, सोमवार, सकाळी

सूनबाई, ही वही तुझ्या डब्याच्या पिशवीत ठेवतो आहे. चारही शनिवार तारखेनिशी आहेत, किती दाबे तेही. मालकांपुढे ठेव. तुझ्याबद्दलची पानं फाडणार होतो, पण फाटकी वही पाहून ते म्हणतील, काल रात्री बसून रचली. म्हणून आहे तशी देतो. आधी तू वाच.