एका किलोचे सात कप

मी, या बेकरीची मालकीण, वय बहात्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाची जबरदस्ती नाही. डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टर सांगतात. गेल्या सोमवारपासून माझा मात्र त्यावर विश्वास उरलेला नाही.

कलम एक. वरची राहती जागा आणि बँकेतील ठेव मुलाला. त्याने निदान चहा स्वतः करायला शिकावे.

कलम दोन. लाकडी शिडी शेजारच्या शिंप्याला. सहा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी म्हणून नेली आहेच. आता तरी त्याने रस्त्यात तोंड चुकवू नये.

कलम तीन. बेकरी, भट्टी, वजनकाटा, किसण्या, साचे, सगळे माझ्या धाकट्या जावेला. मुलगा कारण विचारील, म्हणून लिहून ठेवते.

एकोणीस वर्षांपूर्वी ती माझ्याकडे चीजचे पाव करायची. मी रोज एक किलो चीज तोलून द्यायचे. किसलेल्या चीजचा कप शंभर ग्रॅमचा, म्हणजे किलोचे दहा कप, दहा ताटे पाव. तिचे चीज सातव्या ताटालाच संपायचे. महिनाभर पाहिले आणि एका सकाळी सगळ्या कामगारांसमोर तिची पिशवी ओट्यावर उपडी केली. डबा, रुमाल आणि किल्ली निघाली. तरी मी म्हणाले की पोटात गेले असेल. ती एवढेच म्हणाली, "ताई, मी नाही घेतलं." त्याच दिवशी तिला काढले. दिरानेही त्यानंतर माझे तोंड पाहिले नाही.

सोमवारी कारागीर आजारी पडला, म्हणून मीच किसायला बसले. हल्ली हात थरथरतो, चीज सांडते, म्हणून कप बोटांनी दाबून भरले. सात भरले आणि परातीत चिमूटभर उरले. खोलीत चिटपाखरू नव्हते. मी वेड्यासारखे ओट्याखाली वाकून पाहिले. मग दाबलेला कप काट्यावर रिकामा केला: एकशे चाळीस ग्रॅम. सैल भरलेला: शंभर. तीनदा तोलले. मग पिठाच्या पोत्यावर बसले. कारण पहिल्याच दिवशी मीच तिला सांगितले होते, "कप दाबून भर, गिऱ्हाइकाला चीज दिसलं पाहिजे." आणि हिशेब धरला होता सैल कपाचा. तिच्यासारखा कप एकदाही भरून पाहिला नाही.

कलम चार. या बेकरीत यापुढे चीज तोलूनच घ्यावे. वरचे कलम मुलाने सर्व कामगारांसमोर मोठ्याने वाचावे, एकही शब्द न गाळता.

सही: मालकीण
ठिकाण: बेकरीची मागची खोली
दिनांक: तीन मार्च, सकाळ

ताजा कलम. जावेला फक्त कलम तीन ऐकवायला बोलावले होते. कलम वाचून झाले. मग दुसऱ्या साक्षीदाराची जागा मोकळी पाहून तिने पेन मागितले. मृत्युपत्र तपासायला आलेल्या वकीलबाईंनी तिला दोनदा समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, सही केली की बेकरी हातची जाईल. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, बेकरी नको मला. माझा शब्द खरा धर, एवढंच तेव्हा मागितलं होतं."

साक्षीदार एक: डॉक्टर (सही)
साक्षीदार दोन: धाकटी जाऊ (सही)