रविवारचा वजनकाटा

प्रिय ठकू,

मावशीकडे जाऊन बसलीस त्याला महिना झाला. तिच्या दुकानात बटणं लावतेस म्हणे. बटणं लावायला बारावीपर्यंत शिकलीस का? फोन तू घेत नाहीस, मावशी म्हणते, तिला बोलायचंच नाही. मला बोलायचंय. चौथीनंतर मी पेन धरलं ते लॉन्ड्रीच्या पावत्यांपुरतं. तरी लिहायला बसलेय, यावरून समज किती चिडलेय.

तुझी वही सापडली. इस्त्रीच्या टेबलाखाली, चादरींच्या गठ्ठ्यात. ती सहसंबंध आणि रिग्रेशनची. पुस्तकातली गणितं संपली म्हणून घरची घेतलीस. एका रकान्यात तुझे आठवड्याचे अभ्यासाचे तास, दुसऱ्यात बाबांचं वजन. दर रविवारी कपडे तोलायच्या काट्यावर तू त्यांना उभं करायचीस आणि ते विचारायचे, धुवायचंय की नुसती इस्त्री? दहा रविवार. तुझे तास चढत गेले, ते उतरत गेले. उत्तर वजा पॉइंट सत्त्याण्णव, म्हणजे जवळजवळ पक्का उलटा संबंध. आणि खाली लाल पेनाने, ‘माझ्यामुळे’.

मी लॉन्ड्रीला कुलूप लावलं. मग वही घेऊन थेट तुझ्या सरांकडे गेले. ते म्हणाले, गणित बरोबर आहे, पण दोन आकडे जोडीने चालले म्हणून एकाने दुसऱ्याला ओढलं असं होत नाही. एवढं तर मलाही कळतं. त्याच दहा आठवड्यांत खिडकीतला वेल छताला लागला. त्याने नेलं का बाबांना? तुझी परीक्षा जवळ येत होती आणि त्यांचा आजार वाढत होता, बस्स.

पण सरांना माहीत नाही ते मला माहीत आहे. तू पहिला आकडा लिहिलास त्याच्या दोन महिने आधीच डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं, फार दिवस नाहीत. तुझी परीक्षा होईपर्यंत तुला कळू द्यायचं नाही, असं बाबांनी माझ्याकडून वदवून घेतलं. तेवढा टिकतो म्हणाले. नाही टिकले. तू वजन करायला लागलीस तशी माझी पंचाईत झाली. मग दर रविवारी मी त्यांच्या खिशांत त्यांचीच अवजारं कोंबायला लागले. आधी पकड, मग हातोडी, मग खिळ्यांची पुडी. सुताराच्या खिशात अवजारं, तुला संशय कुठून येणार? शेवटी शेवटी तेवढं ओझं घेऊन त्यांना काट्यावर उभं राहवेना. म्हणून एकेक अवजार काढत गेले, शेवटी खिळ्यांची पुडीच उरली, आणि आकडा आणखी उतरला.

तुझ्या वहीत बाबांचा एकही आकडा खरा नाही, पोरी. गणित तुझं बरोबर, खोटेपणा माझा. खरं कळलं असतं तर पुस्तक मिटून त्यांच्याजवळ बसली असतीस. ते मी तुला करू दिलं नाही. त्या लाल शब्दावर काट मारलीय आणि शेजारी माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलंय, ‘आईमुळे’. हे तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून हे पत्र. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, आयुष्यभर बोलू नकोस, पण सोमवारी पेपर आहे आणि तुझं हॉल तिकीट माझ्याकडे आहे. गुरुवारपर्यंत कळव, येतेस की मी न्यायला येऊ? तिसरं उत्तर चालणार नाही.

तुझीच,
आई