बावीस तारखेचं इमान

३ मार्च, सकाळी
खतवाल्यानं दिलेली डायरी आजपास्नं सुरू. दोन म्हैने कोरे गेले, त्याला थंडी कारन.
मायाचा फोन. लेक माजी सरकारी इमान कंपनीत हाय, हवेत चहा-नाष्टा वाटती. कंपनी आपल्या मानसांच्या आईबापाला वर्साला एक फुकट पास देती. मला बावीस तारखेचा आलाय, मुंबई ते दिल्ली. त्याच इमानात मायाची ड्युटी. म्हनली, आये, मी ड्रेसवर काम करताना तू एकदा तरी बघ, मी सोता तुला चहा देते. मी म्हनलं, मला कसली हौस न्हाई, तुजं मन मोडायला नको म्हनून येते.
निश्चय: गावात कुनाला सांगायचं न्हाई.

३ मार्च, दुपारी
सांगितलं.
नानासोंच्या शेडवर आमी तीस बाया बेदाना निवडाय बसतो. काड्या काढायच्या, पिवळा एकीकडं, काळा एकीकडं. वर पत्रा, खाली आमी भाजतोय. थोरली जाऊ बायडाबाई आपली जम्मूची रेल्वे सांगाय लागली. लेक मिलिटरीत हाय म्हनून एकदा जाऊन आली. सा वर्सं झाली, आजून त्या रेल्वेतनं खाली उतरली न्हाई. मग मला इमान काढावंच लागलं. जाऊबाई म्हनली, वर गेल्यावर खिडकीतनं हात काढू नगंस गं अर्जुना, बांगड्या आमच्या टकुऱ्यावर पडत्याल. सगळ्या हसल्या. जळत्यात.

८ मार्च
टीव्हीवर दाखवलं. इमानवाल्यांचा संप. सोळा-सोळा तास ड्युटी, पगार तीन म्हैने लेट. माया पुढच्याच रांगेत, हातात पाटी. अक्षर चांगलं हाय. माज्यावर गेलंय.
काळजी न्हाई. संप म्हंजे चार दिवस. बावीसला लय अवकाश हाय.

९ मार्च
शेडवर जनमत वाईट. एक म्हनली, एसीत बसून पगार घेत्यात अन् वर संप. दुसरी म्हनली, ओठ रंगवून कसली आलीया उपासमार. नानासो खुर्चीवरनं म्हनले, कंपनी बुडालेलीच हाय, इकून मोकळं व्हावं, आपल्या टॅक्सवर कशाला उडवायची.
मी म्हनलं, आवं नानासो, तुमचा ट्रॅक्टर दोन वर्सं बंद पडून हाय. मग काय डायव्हरला उपाशी ठिवला की चालू हुतोय व्हय? नानासो उठून भाईर गेले. म्हंजे पटलं. पान थुकाय गेले हुते, पन पटलं.

१० मार्च
मत बदलायचं तर आदी मोजाय पायजे. शेडवर रिकामा डबा ठिवला. संपाच्या बाजूनं आसंल तिनं पिवळा बेदाना टाकायचा, इरोधात आसंल तिनं काळा. एकीला एकच. गुप्त.
संध्याकाळी डबा उघडला. नऊ काळं. पिवळा एक बी न्हाई.
लय इचार केला. पिवळा गोड आसतोय. कुनीतरी खाल्लं. म्हंजे तीसातनं नऊ गेलं, एकवीस मतं माज्या बाजूनं. दनदनीत बहुमत. गेटवरच्या यल्लाप्पाचं तोंड हालतच हुतं.

१२ मार्च
मायाचा फोन. आवाज बसलाय घोषना देऊन. कंपनीनं नोटीस दिली, कामावर या न्हाईतर घरी जावा. निम्म्या पोरी डगमगाय लागल्यात. म्हनली, आये, तू सांग काय करू, परत गेले तर तुजा बावीसचा पास बी शाबूत ऱ्हाईल.
मी म्हनलं, बस तितंच. पास गेला खड्ड्यात.
आमचं मालक यष्टीत कंडक्टर हुते. एका संपात दीड म्हैना घरी बसले. मी रोज टोचलं. चूल बघा, पोरगी बघा, बाकीच्यांचं काय जातंय. शेवटाला कामावर गेले. आठच दिवसांनी संप सुटला. पन संगतीच्या मानसांनी त्यास्नी परत कवा च्याला हाक मारली न्हाई. रिटायर हुईस्तवर डेपोत एकटेच च्या प्याले. मला एक शबुद बोलले न्हाईत.
ह्याचा हितं काय संबंध न्हाई. बेदान्याला गंधकाची धुरी देत्यात, ती डोळ्यात गेली म्हनून पान वलं झालंय.

१५ मार्च
जेवायच्या सुट्टीत भाषन केलं. म्हनलं, आज इमानवाल्या पोरी हायत, उद्या आपून. काम करनारं मानूस बसलं की मालकाला कळतंय त्येचं वजन. लय रंगलं. बाया भाकरी हातात धरून आयकत हुत्या.
मग एक म्हनली, मावशे, आपल्या पंख्याचं काय? तीन उन्हाळं झालं, नानासो लावतो लावतो म्हनत्यात. दुसरी म्हनली, अन् संडासाच्या कडीचं? एक आत गेली की दुसरीनं दार धरायचं, दोघींची मजुरी जातीया. मी म्हनलं, बायांनो, हितं देशाच्या इमानाचा प्रश्न चाललाय, तुमी कडी काय घिऊन बसलाय. पन आयकंनात. परवापास्नं संपावर बसायचं ठरलं. म्हनल्या, लीडर तूच.
एकमतानं. जाऊबाईनं हात वर केला न्हाई, तिचा खांदा धरलाय.

१६ मार्च
मागन्यांचा कागद मीच लिवला. नऊ मागन्या. पयल्या आठ इमानाच्या, कारन दम तितं हाय. नववी पंखे आन् कडी. नानासोंच्या हातात दिला. पयल्या दोन ओळी वाचल्या अन् माज्याकडं लय येळ बघत बसले. घाबरले.

१७ मार्च
संप. सगळ्या गेटाभाईर लिंबाखाली. “इमान कामगारांचा इजय आसो!” रस्त्यानं जानारा एकजन गाडी थांबवून इचाराय लागला, हितं इमानतळ मंजूर झालं काय. जनजागृती चालू हाय.
सगळ्यांनी बेदान्यावर हात ठिऊन शपथ घेतली. पंखा लागंस्तवर कुनी एकटीनं माघारी जायाचं न्हाई. शपथ मीच घातली.

१९ मार्च
तिसरा दिवस. नानासो गाडीतनं गेले, काच वर. आमाला कायच इचारलं न्हाई. आतनं खचलाय मानूस.
दोन बाया म्हनल्या, मावशे, रोज बुडतोय, मालक काय बोलंना, हिकडं कसं हुनार. मी म्हनलं, मालक बोलत न्हाई म्हंजे हारलाय. जाऊबाई म्हनली, मग आमचं मालक चाळीस वर्सं हारतच हुतं म्हनायचं. ह्या बाईला आंदोलनाचं गांभीर्य न्हाई.

२० मार्च, सकाळी ९
इजय! मायाचा फोन. संप सुटला. ड्युटीचं तास कमी केलं, पगार दोन हप्त्यात देनार. बदल्यात कंपनीनं घरच्यांचं पास बंद केलं, एक तारखेपास्नं कुनालाच न्हाई. पन बावीसचा माजा चालतोय. शेवटचाच. खिडकीची सीट. म्हनली, आये, आता न्हाई आलीस तर परत न्हाई.
मी म्हनलं, येते की.

२० मार्च, दुपारी ४
येते म्हनलं खरं. शपथेचं काय?
इचार केला. शपथ “एकटीनं माघारी जायाचं न्हाई” आशी हाय. माघारी म्हंजे शेडात. मी तर मुंबईला चालले. कायद्यानं बसतंय.

२१ मार्च, दुपारी ३
निरोप ठिवला की आष्ट्याची भन आजारी हाय, दोन दिवसांनी येते. भनीला कायसुदिक झालेलं न्हाई, तिला कळवायचं ऱ्हाऊन गेलं. जांभळं लुगडं पिशवीत घातलं, इमानात नेसायचं. मायाला फोन केला, निघाले म्हनून. मग मोबाईल बंद केला. बायांचा फोन आला अन् मागनं तासगाव स्टँडचा भोंगा आयकू आला तर बोंबाबोंब.
जाताना जाऊबाई आडवी आली. पिशवीकडं बघून म्हनली, आजारी भनीला जांभळं लुगडं दाखवाय न्हितीस काय. मी म्हनलं, तिला लय आवडतंय.

२१ मार्च, संध्याकाळी ७, तासगाव स्टँड
मुंबईची गाडी लागली. चढले न्हाई.
एक तर खिडकीची जागा न्हवती. दुसरं म्हंजे गाडीला डिझेलचा वास लय हुता. तिसरं, त्यो कंडक्टर. पन्नाशीचा, कातडी बॅग, कानावर पेन. गाडी सुटायच्या आदी टपरीवर एकटाच उभा ऱ्हाऊन च्या पीत हुता. बाकीचं डायव्हर-कंडक्टर पलीकडं घोळक्यानं हासत हुतं. त्येंचं काय आसंल ते आसंल, मला काय करायचंय.
एकदा मी एका मानसाचा संप मोडलाय. बास झालं तेवढं.
गाडी गेली. इमान काय पळून जात न्हाई. म्हंजे उद्या जातंय, पन दुसरं येतंय की. रात्रीपुरती हितल्या भाचीकडं जाते.

२२ मार्च, सकाळी ८
पयल्या यष्टीनं आले ती सरळ गेटावर. घरी बी गेले न्हाई. लिंबाखाली कोन न्हाई. लीडर न्हवती म्हनून बाया ढिल्या पडल्या, येत्याल. मी ठिय्या मारला. जांभळं लुगडं नेसून आले, बाकीची पिशवीत चुरगाळलीती.

२२ मार्च, सकाळी ११
आजून कोन न्हाई. पन शेडातनं बायांचा आवाज येतोय. नानासोंनी भाईरगावनं बाया आनल्यात! गेटाच्या फटीला तोंड लावून आर्धा तास बोलले. म्हनलं, आगं रांडकींनो, दुसरीचा संप मोडून भाकरी गोड लागती व्हय गं? लागती गोड, एक दिवस लागती, मग जलमभर एकटीनं खावी लागती!
आतला आवाज बंद झाला. लाजल्या.

२२ मार्च, दुपारी १२
यल्लाप्पानं गेट उघडून पानी दिलं. म्हनला, आक्का, कुनाला शिव्या घालालाय? आपल्याच बाया हायत की. संप कालच संध्याकाळी सुटला, तुमी आष्ट्याला गेल्यावर. फोन लई लावला बायांनी, बंद लागला.
जाऊबाईनं मिटवला. दा मिनटात. नुसती आत गेली अन् म्हनली, भावजी, पंखे आन् कडी कवा लावताय. नानासो म्हनले, आगं मग तसं सांगायचं की! कागदात समदं इमानाचंच हुतं. मला वाटलं दिल्ली ऐकंस्तवर ह्या बाया बसनार, मी काय करू त्यात.
नववी मागनी कुनी वाचलीच न्हाई.
मी आत गेले. सगळ्या माज्याकडं बघत हुत्या. कुनी हासलं न्हाई, ते वाईट. जाऊबाई सरकून जागा दिऊन म्हनली, बस. भन बरी हाय न्हवं? मी म्हनलं, बरी हाय. म्हनली, लुगडं शोभतंय गं.

२२ मार्च, दुपारी २ वाजून १० मिनटं
आता सुटलं आसंल. आमच्या गावावरनं काय जात न्हाई त्ये. तरी बी भाईर जाऊन बघितलं. मान मोकळी कराय.

२२ मार्च, संध्याकाळी ७
मोबाईल चालू केला. मायाचं सतरा कॉल. मग एक फोटू. खिडकीची सीट रिकामी, पट्टा नीट बांधून ठिवलेला, म्होरल्या फळीवर कागदी कप. चहा.
फोन केला. म्हनलं, चहा पांढराफेक हाय तुज्या कंपनीचा, आसलं पाजताय म्हनून तोटा.  मायानं इचारलं, आये, का आली न्हाईस? मी म्हनलं, हिकडं माज्याबिगर चालंना. लीडर हाय मी.
ती म्हनली, बाबांसारखी एकटी बसलीतीस व्हय गं?
तिला कुनी सांगितलं हे? मी न्हाई. रेंज गेली.

२४ मार्च
दोन पंखे लागले. संडासाला कडी बी लागली, आतनं. सगळ्या बाया एकेकदा जाऊन लावून बघून आल्या. गरज नसनाऱ्या बी. इजय म्हंजे इजयच, कुनी मिटवला ह्याला म्हत्त्व न्हाई. अकरा वाजता बायांनी च्याला हाक मारली. मला बी मारली.
निश्चय: आता पैसं साठवून सोताच्या तिकिटानं जायाचं. मायाच्याच इमानात. जाऊबाईला बी न्यायचं, तिला रेल्वेतनं उतरवाय.
पंखे चांगलं हायत. एक नानासोंच्या खुर्चीवर हाय, दुसरा दाराकडं. मी बसते तितं वारा येत न्हाई.