सईची पंगत

प्रिय अनू,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर मला हे बोलता येत नाही. दोन वाक्यांत रडू फुटतं आणि शेजारी सासूबाई कान टवकारून बसलेल्या असतात. सईची शाळा बंद झाली गं. म्हणजे नाव पटावर आहे, कायद्याने काढता येत नाही म्हणे. फक्त तिला पाठवायचं नाही. मुख्याध्यापिका अगदी गोड बोलल्या, थोडी सुधारली की आणा. नऊ वर्षांची पोर घरात बसून काय सुधारणार, ते काही त्यांनी सांगितलं नाही. आणि मीही बावळटासारखी मान हलवून परत आले.

झालं काय, तर तुला ठाऊकच आहे, कडक भाकरी आणि कोरडी शेंगाचटणी सोडून सईला डब्यात दुसरं काही चालत नाही. सोलापुरात या दोन गोष्टींना तोटा नाही, देवाची तेवढी तरी कृपा. पण कोरड्याला ओलं लागलं की संपलं. घंटागाडीवर लावतात ना, ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, ते तिला तोंडपाठ आहे. आम्ही भातात आमटी कालवायला लागलो की आमच्याकडे बघून तेच म्हणते. आम्ही हसतो. तिच्या तोंडून सलग येणारं तेवढं एकच वाक्य, हसायचं नाही तर काय करायचं! वर्गात ती मागच्या बाकावर एकटीच जेवायची आणि तिचं बरं चाललं होतं. पण यंदा आलेल्या नव्या बाईंना ते बघवेना. पोर वाळीत टाकल्यासारखी बसते, म्हणाल्या, आणि त्यांनी अंगतपंगत सुरू केली. सगळ्यांनी गोल बसायचं, एकमेकांच्या डब्यातलं वाटून खायचं. आपण करकंबच्या शाळेत करायचो तशीच. ऐकून मलाच भरून आलं होतं.

मग एका मुलीने, गुणी आहे गं ती, आपल्या डब्यातला शिरा सईच्या भाकरीवर वाढला आणि भाकरीचा तुकडा मोडून घेतला. सई ओरडायला लागली, ओला कचरा, सुका कचरा. पोरं खदाखदा हसली. बाईंनी समजूत काढायला तिला पोटाशी धरलं. तिला असं अचानक धरलं की काय होतं, ते तू बघितलंयस. ती सुटली आणि त्या मुलीच्या मनगटाला कडकडून चावली. रक्त आलं.

मी गेले त्यांच्या घरी माफी मागायला. तिच्या आईने मला मनगट दाखवलं, दातांचे व्रण काळेनिळे झाले होते. म्हणाली, तुमचं लेकरू तसं हाय, समजतंय की मला, पण आमचं बी लेकरूच हाय की. खरंच बोलली. अनू, मी कुणावर चिडू, सांग ना. बाईंनी माया केली, त्या पोरीने माया केली, आईने आपल्या लेकीची बाजू घेतली. भांडायला कुणीतरी वाईट माणूस तरी हवं होतं मला.

अशा मुलांसाठी शाळाशाळांतून फिरणाऱ्या एक मॅडम आहेत. चित्रं दाखवून शिकवतात, त्यांच्यापाशी सई छान बसते. पण त्यांच्यामागे इतक्या शाळा लावल्यात की आमच्या वाट्याला महिन्यातून एखादी सकाळ येते. त्या म्हणाल्या, दिवसभर तिच्याशेजारी वर्गात बसणारं माणूस मिळालं तर मी शाळेशी बोलते. ते माणूस कुठून आणू? मी गणवेशाच्या कारखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांच्या शर्टांना काजं-बटणं करते. अमृत नवी पेठेतल्या दुकानात सकाळी जातात, ते शटर ओढूनच येतात. सासूबाईंना काठीशिवाय उठता येत नाही. त्यांचं एकच पालुपद, अक्कलकोटला न्या तिला, स्वामी बोलतं करतील, मला लई भरवसा हाय. नेलं. गर्दीत तिने कान झाकून जमिनीवर लोळण घेतली, तर लोक म्हणाले, पोरीच्या अंगात आलं. एक बाई चक्क पाया पडली तिच्या! हसू नकोस. बरं, हस.

आता मी कामाला जाताना बाहेरून कडी लावते. होय, स्वतःच्या लेकीला. मागच्या आठवड्यात दूधवाल्याने दूध द्यायला कडी काढली तेवढ्यात ती निसटली. पार मोठ्या रस्त्यापर्यंत गेली होती. गल्लीतल्या बिरप्पाने ओळखलं, रिक्षात घालून आणून सोडलं. म्हणाला, वैनी, ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचली. त्या दिवसापासून कारखान्यात माझे हात चालतात, पण जीव कडीपाशी असतो. अमृत घरी आले की नुसते तिच्याकडे बघत बसतात, आणि मला त्याचाच जास्त त्रास होतो.

आता पत्र कशासाठी ते सांगते. तुमच्या मिरजेकडे अशा मुलांची एक निवासी शाळा आहे. तिथे सईला जागा मिळाली. येत्या सोमवारी सोडायला येतोय. आम्ही बघून आलो, स्वच्छ आहे, माणसं चांगली बोलली. पण बोलतात तर सगळेच चांगलं. रविवारी नातेवाइकांना भेटू देतात, तिथे मावशी म्हणून मी तुझं नाव दिलंय, तुला न विचारता. रागावू नकोस. मला दर रविवारी येणं जमणार नाही, आणि केसांना हात लावू देते ती फक्त मला आणि तुला. म्हणून तू जा. वेणी घालते म्हण, फ्रॉक बदलते म्हण, आणि दार लावून तिची पाठ बघ, दंड बघ, मांड्या बघ. तिला कुणी मारलं तर ती सांगणार नाही, अनू. तिला सांगता येत नाही गं. वळ दिसला तर मला वाईट वाटेल म्हणून लपवू नकोस. आणि काही दिसलं नाही, तरी तिथूनच फोन कर.

तुझीच,
रेश्मा